जुन्या मोटारीच्या चाकातले ग्रीस

जुन्या मोटारीचे पुढचे चाक एका स्थिर दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर फिरते. स्पिंडल आणि चाकाचा हब यांच्यामध्ये दोन बेअरिंग असतात : आतल्या बाजूला मोठे, बाहेरच्या बाजूला लहान. गाडीचे वजन, वळणावरचा बाजूचा रेटा आणि खड्ड्यांचे दणके या दोघांनाच सोसावे लागतात. आजच्या बहुतेक गाड्यांत ही जोडी कारखान्यातच ग्रीस भरून सीलबंद केलेली असते आणि बिघडली की अख्खी बदलतात. जुन्या गाड्यांत ती उघडता येते, धुता येते, पुन्हा ग्रीस भरून बसवता येते. साहजिकच तिचे आयुष्य निगा राखणाऱ्यावर अवलंबून असते.

सुरुवातीच्या अनेक मोटारींत छर्ऱ्यांचे बेअरिंग असे. अमेरिकेतील सेंट लुईसचे बग्गी बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. हे रोलर तिरके बसवलेले असल्यामुळे वरून येणारे वजन आणि बाजूने येणारा रेटा, दोन्ही एकाच वेळी पेलतात. आतल्या कड्याला कोन आणि हबमध्ये ठोकून बसवलेल्या बाहेरच्या कड्याला कप म्हणतात. दोन बेअरिंग एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि स्पिंडलच्या टोकावरच्या नटाने त्यांच्यातली ढिलाई कमी-जास्त करता येते.

जुन्या गाडीचे बेअरिंग धावून झिजते त्यापेक्षा उभे राहून जास्त खराब होते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांना विंटेज म्हणून नोंदणी मिळते आणि त्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. म्हणजे गाडी बहुतेक काळ गॅरेजमध्येच उभी. उभ्या गाडीत रोलर ज्या रेषेवर टेकलेले असतात, तिथले ग्रीस हळूहळू बाजूला सरते. त्यात मुंबई-कोकणासारखी दमट हवा असली की त्याच रेषांवर गंज धरतो आणि पुढे तिथे बारीक खड्डे पडतात. रॅलीच्या दिवशी चाकातून येणारी घरघर बहुधा याच खड्ड्यांची असते.

तपासणी सोपी आहे. गाडी जॅकवर उचलून, घोडीवर टेकवून, मागच्या चाकांना ओट लावून पुढचे चाक हाताने फिरवायचे. खरखर लागली तर बेअरिंग उघडायलाच हवे. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचे. हालचाल जाणवली, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर ढिलाई बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर दोष किंगपिनचा, म्हणजे स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या खिळीवर वळते तिचा. ही चाचणी न करता नट आवळत बसणारे मिस्त्री कमी नाहीत आणि किंगपिनच्या दोषापायी चांगले बेअरिंग जळते ते असेच.

उघडताना आधी डस्ट कॅप, मग स्प्लिट पिन, नट आणि आतल्या खाचेत अडकणारा वॉशर. काही जुन्या गाड्यांत एका बाजूच्या स्पिंडलला उलटे आटे असतात, तेव्हा नटावर जोर लावण्यापूर्वी खात्री करावी. हबसकट ब्रेकचा ड्रम ओढताना बाहेरचे बेअरिंग हातात येते. आतले काढण्यासाठी मागचे सील उचकटावे लागते. ते सील पुन्हा वापरू नये. बेअरिंग रॉकेलमध्ये ब्रशने स्वच्छ धुवावे आणि सुकू द्यावे. हवेच्या प्रेशरने गरगर फिरवण्याचा मोह अनेकांना होतो, पण कोरडे बेअरिंग तसे फिरले की पृष्ठभाग खरवडतो आणि रोलर उडून इजाही होऊ शकते.

धुतल्यावर उजेडात पाहावे. निळसर झाक म्हणजे बेअरिंग तापले होते. पापुद्रे, खड्डे किंवा रोलरच्या अंतराने पडलेल्या रेघा दिसल्या तर कोन आणि कप दोन्ही बदलावेत; जुन्या कपात नवा कोन टिकत नाही. कड्यावर कोरलेला नंबर इथे उपयोगी पडतो. गाडी बनवणारी कंपनी बंद पडली असली, तरी त्या नंबरचे बेअरिंग पुष्कळदा आजही बाजारात मिळते.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेले तेल. वंगणाचे काम ते तेलच करते. जुने कॅल्शियमचे ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण उष्णतेत टिकत नसे. सोडियमचे उष्णता सोसे, पण पाण्याने धुऊन जाई. १९४० च्या दशकात आलेल्या लिथियम ग्रीसने दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी मिटवल्या. जुन्या गाडीला घट्टपणाच्या प्रतवारीत दोन नंबरचे, व्हील बेअरिंगसाठी असलेले लिथियम किंवा लिथियम-कॉम्प्लेक्स ग्रीस पुरते. वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकत्र झाली की काही वेळा मिश्रण पातळ होऊन वाहते, म्हणून हबमधले जुने ग्रीस पूर्ण काढूनच नवे भरावे.

तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहावी, दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी मात्र गच्च भरायची नाही. कपांच्या पातळीपर्यंत एक थर पुरे. जादा ग्रीस घुसळून तापते, सील ओलांडते आणि थेट ब्रेकच्या लायनिंगवर जाते. मग त्या चाकाचा ब्रेक नीट लागत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते.

सगळ्यात नाजूक काम नटाचे. चाक फिरवत नट आधी चांगला आवळावा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग तो सैल करून फक्त हाताने टेकवावा आणि पिनचे भोक जुळेना तर किंचित मागे घ्यावा. शेवटी साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर ढिलाई राहिली पाहिजे. किंचित सैल बेअरिंग वर्षानुवर्षे चालते. घट्ट आवळलेले एका प्रवासात जळू शकते. ही रीत सगळ्याच गाड्यांची नाही. मॉरिस मायनरमध्ये दोन छर्रे-बेअरिंगमध्ये नळी असते आणि नट घट्ट आवळायचा असतो. एमजीबीत रोलर असूनही नळी आणि पातळ चकत्या असतात. म्हणून त्या गाडीची पुस्तिका आधी वाचावी. स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी.

काम झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटर, ब्रेक फारसा न लावता गाडी चालवून हबला हात लावून पाहावा. कोमट असणे ठीक. हात ठेववत नसेल तर नट घट्ट आहे. पुस्तिकेतले ग्रीसचे अंतर मैलांत दिलेले असते, पण उभ्या गाडीला ते लागू पडत नाही. अशी गाडी किलोमीटर न मोजता दर दोन वर्षांनी उघडलेली बरी. आणि गाडी पुराच्या पाण्यातून गेली, तर वाट पाहू नये. तापलेला हब पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. ते बेअरिंग त्याच आठवड्यात धुऊन, नवे ग्रीस भरून बसवावे.