दमानं घे!

बालमित्रांनो, कविता लिहायला बसलात, पहिलं कडवं झोकात जमलं आणि दुसऱ्यावर गाडी अडली, असं तुमचं कधी झालंय? माझ्या वर्गातली मुलं अशा वेळी वही मिटून दप्तरात टाकतात. ‘बाई, अजून पूर्ण नाही झाली,’ म्हणतात आणि दाखवतच नाहीत. मग मी त्यांना एका गाण्याची गोष्ट सांगते.

गोष्ट आहे अमेरिकेतली, १९७१ च्या सुमाराची. लॉस एंजेलिस शहरातल्या एका इमारतीत तळघरातल्या खोलीत जॅक्सन ब्राउन हा तरुण गायक राहत होता. त्याच्या वरच्याच खोलीत ग्लेन फ्राय. खालून पियानोचे सूर यायचे. ब्राउन एकच कडवं पुन्हा पुन्हा, वीस-वीस वेळा घोटायचा. गाणं म्हणजे अशी मेहनत असते, हे आपल्याला तिथे कळलं, असं फ्राय पुढे सांगायचा.

एकदा मात्र ब्राउनही अडला. ‘टेक इट इझी’, म्हणजे ‘जरा दमानं घे’, असं त्या गाण्याचं नाव. ॲरिझोना राज्यातल्या विन्स्लो या छोट्या गावाचा उल्लेख दुसऱ्या कडव्यात आला, पण पुढे काही सुचेना. फ्रायला गाणं फार आवडलं होतं. ब्राउनने ते त्याच्या हाती सोपवलं. फ्रायने मोटारीतून जाणारी एक मुलगी त्यात आणली आणि काय गंमत, कडवं पूर्ण झालं!

फ्रायच्या ‘ईगल्स’ या नव्या वाद्यवृंदाने ते गायलं. गाणं होतं रॉक, पण बर्नी लेडनने त्यात भरभर बॅन्जो वाजवला. बॅन्जो हे तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या ‘कंट्री’ संगीताचं तंतुवाद्य. त्यामुळे गाण्याला गावाकडचा बाज आला. १ मे १९७२ ला तबकडी निघाली आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेली. गीतकार म्हणून नावं दोघांची!

आणि ते विन्स्लो गाव? ‘रूट ६६’ हा प्रसिद्ध महामार्ग गावातूनच जायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नवा रस्ता गावाबाहेरून गेला. प्रवासी थांबेनात, बाजारपेठ ओस पडली. पण गाणं लोक विसरले नव्हते. १९९९ मध्ये गावकऱ्यांनी एका कोपऱ्यावर छोटी बाग केली, गिटारवाल्या तरुणाचा पुतळा उभारला. तिथे उभं राहून फोटो काढायला लांबलांबून माणसं येऊ लागली! २०१६ च्या जानेवारीत फ्राय वारला. त्याच वर्षी त्याचाही पुतळा तिथे बसवला गेला.

आता सांगा, ब्राउनने ते अर्धं गाणं लाजून लपवून ठेवलं असतं तर?

तेव्हा काढा बरं ती वही! शेजारच्या मित्राला, ताईला, नाहीतर आईला वाचून दाखवा. आणि आईबाबांनो, अर्धी कविता हाती आली, तर आधी शुद्धलेखनाच्या चुका काढू नका हं. ‘पुढे काय?’ एवढंच विचारा.