दाणा श्वासनलिकेत गेला तर ऑक्सिजनला भिऊ नका

उन्हाळी भुईमूग निघाला की घरात शेंगांचे ढीग लागतात. फुटाणे, तुरीचे दाणे, सीताफळाच्या बियाही लेकरांच्या हाती पडतात. एक ते तीन वर्षांच्या लेकराला दाढा पुरत्या आलेल्या नसतात. खाताना हसलं, रडलं की दाणा श्वासनलिकेत जातो. जोराचा ठसका लागतो, मग लेकरू शांत होतं आणि आपण म्हणतो, 'उतरला दाणा.' तो पुष्कळदा आतच असतो. ओलाव्यानं फुगतो, त्याच्या तेलानं आत सूज येते. एक्स-रेत तो बहुधा दिसतही नाही, म्हणून आठ-आठ दिवस नुसतं खोकल्याचं औषध चालतं.

असा दाणा दुर्बिणीनं काढतात. 1897 साली जर्मनीत गुस्ताव किलियन या डॉक्टरांनी पहिल्यांदा अशी वस्तू काढली, ती एका शेतकऱ्याच्याच श्वासनलिकेत अडकलेलं हाडूक होतं. लेकराला मात्र यासाठी भूल द्यावी लागते, आणि इथंच घरचे हबकतात. ऑक्सिजन लावला म्हणजे लेकरू हातचं गेलं, असा आपल्याकडचा समज. काही जण तर सही करायलाच मागेपुढे पाहतात.

मी काही डॉक्टर नाही, पण हिशोब धान्याच्या कोठीचा आहे. वजनाच्या मानानं लहान लेकराला मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुफ्फुसातला साठा थोडा. कोठी लहान अन् खाणारे जास्त! भुलीत श्वास थांबला तर ती फार लवकर रिकामी होते. म्हणून आधीच मास्कनं ऑक्सिजन देऊन ती भरून घेतात. पुढची अडचण अशी, की श्वासाची अन् दुर्बिणीची वाट एकच. दाणा काढायची दुर्बीण म्हणजे धातूची पोकळ नळी. तिच्या बाजूच्या तोंडातून ऑक्सिजन चालू राहतो आणि त्याच नळीतून चिमटा आत जातो. नुसतं तपासायची बारीक, लवचिक दुर्बीण असेल तर नाकातल्या नळीनंही ऑक्सिजन देतात. बोटाला लावलेलं यंत्र आकडा दाखवत असतं. तो घसरला की डॉक्टर थांबतात, श्वास देतात, मग पुन्हा चिमटा घालतात.

काय खाल्लं, ठसका कधी लागला, शेवटचं दूध-भात कधी दिलं, हे डॉक्टरांना खरं सांगा. दाणा उतरावा म्हणून केळं किंवा भाकर चारू नका. भरल्या पोटी भुलीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या, घशात आंधळेपणानं बोट घालू नका. आवाजच निघत नसेल तर कोणाला तरी 108 ला फोन करायला सांगा आणि तोवर डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापट्या द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाचदा दाबा. त्याहून मोठ्याला मागून धरून बेंबीच्या वर पाचदा आत-वर दाब द्या.

अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं कान-नाक-घशाचे डॉक्टर भेटतात. दाणा निघाल्यावरही घशाला सूज असते, म्हणून ऑक्सिजन काही वेळ चालूच ठेवतात. लेकरू रडतं म्हणून मास्क काढू नका, आणि दूध कधी पाजायचं ते नर्सबाईंना विचारूनच पाजा.