मुक्तस्रोत विकासकाची जडणघडण

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेले लिनक्स ही या परंपरेची दोन प्रमुख उगमस्थाने होत. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा १९९८ पासून रूढ झाली. या क्षेत्रात विकासक ज्या कामातून शिकतो, त्याच कामावरून त्याची योग्यताही ठरते.

या शिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे संहिता-परीक्षण. लिनक्सच्या गाभ्यात बदल सुचवणारा विकासक आपला पॅच, म्हणजे बदललेल्या ओळींचा संच, संबंधित विभागाची देखरेख करणाऱ्या संवर्धकाकडे पाठवतो. संवर्धक व अन्य जाणकार त्यातील दोष दाखवतात आणि विकासक सुधारित आवृत्ती पुन्हा सादर करतो. ही चर्चा सर्वांसमक्ष होत असल्याने नवख्यालाही ती वाचून बरेच शिकता येते. टॉरव्हाल्ड्स यांनीच २००५ मध्ये निर्माण केलेल्या गिट या प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद कर्त्याच्या नावासह व दिनांकासह राहते. विकासकाच्या कामाचा हा इतिहास पुढे नोकरी देणाऱ्यालाही पाहता येतो.

पदांची श्रेणी प्रकल्पागणिक भिन्न असते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये वापरकर्ता, योगदाता, थेट बदल करण्याचा अधिकार असलेला कमिटर, प्रकल्प-व्यवस्थापन समितीचा सदस्य आणि संस्थेचा सदस्य अशा चढत्या पायऱ्या आहेत. दस्तऐवज लिहिणे, चाचणी घेणे, नवागतांच्या शंकांचे निरसन करणे हेही योगदानच मानले जाते. येथील पद व्यक्तीला मिळते. त्यामुळे नोकरी बदलली तरी ते टिकून राहते.

१९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स-आधारित कार्यप्रणालीच्या प्रकल्पाची प्रवेशपद्धती अधिक काटेकोर आहे. तेथे उमेदवाराला आपली ओळख सांकेतिक किल्लीने सिद्ध करावी लागते व विद्यमान सदस्याची शिफारस मिळवावी लागते. प्रकल्पाची तत्त्वे, कार्यपद्धती आणि तांत्रिक कौशल्य यांचीही तपासणी होते. तोवर त्याने तयार केलेले पॅकेज एखादा अधिकृत विकासक तपासून आपल्या जबाबदारीवर प्रकल्पात दाखल करतो.

नवागतांसाठी मार्गदर्शकाधिष्ठित उपक्रमही आहेत. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सुरू झाला. २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही त्यात प्रवेश मिळू लागला. ग्नोम या मुक्तस्रोत प्रकल्पाने २००६ मध्ये स्त्रियांसाठी केलेल्या प्रयत्नातून ‘आउटरीची’ हा उपक्रम विकसित झाला. त्यात या क्षेत्रात अल्पसंख्य असलेल्या गटांतील व्यक्तींना सुमारे तीन महिन्यांची सवेतन उमेदवारी घरबसल्या करता येते. निवडीपूर्वीच प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान द्यावे लागते, ही अट विशेष उल्लेखनीय होय.

महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाचे कार्य महत्त्वाचे आहे. त्याच्या पाठ्यपुस्तक-सहचर योजनेत विद्यार्थी प्रमाणित ग्रंथांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅब किंवा पायथन या संगणकभाषांत लिहितात आणि तपासणीनंतर त्यांना मानधन मिळते. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तयार केलेले छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. विद्यार्थी पाठ पाहता पाहता तीच कृती स्वतः करत जातो.

नवागतांइतकीच अनुभवी संवर्धकांनाही आधाराची गरज असते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा-संग्रहात ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष आढळला. असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, ते काम मोजकी माणसे तुटपुंज्या निधीवर सांभाळत असल्याचे तेव्हा जगाला उमगले. त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनने अशा पायाभूत प्रकल्पांसाठी कंपन्यांकडून निधी उभारला.

विकासकाच्या प्रगतीसाठी झटणाऱ्या संस्थांनी यातून बोध घ्यावा. मानधन नवागताला क्षेत्रात आणते. परंतु त्याचे काम बारकाईने वाचणारा ज्येष्ठ मिळाला, तरच तो पुढच्या पायरीवर पोहोचतो. म्हणून परीक्षण आणि मार्गदर्शन यांसाठी दिलेला वेळ हे सवेतन काम मानले जाणे, हा या व्यवस्थेचा खरा आधार होय.