चॅटबॉटला घरातली बाटली दिसत नाही

रात्री साडेअकराला फोन आला. "ताई, जाग्या आहात ना? बाळाला ताप आहे. मोबाइलवर विचारलं तर पॅरासिटामॉल पाच मिली द्या म्हणतोय. देऊ का?"

फोन करणारी आमच्याच वस्तीतली. कंपनीत पॅकिंगला आहे, सेकंड शिफ्ट करून नुकतीच घरी आली होती. मुलगा दोन वर्षांचा, अंगणवाडीत वजन भरलं 12 किलो. मी म्हटलं, "अगं, आधी बाटली हातात घे आणि काय लिहिलंय ते वाच." तिनं वाचलं: ड्रॉप्स, 1 मिलीत 100 मिलिग्रॅम.

माझ्या पोटात गोळा आला. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका वेळेला किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे या मुलाला 120 ते 180 मिलिग्रॅम. त्या ड्रॉप्सचे 5 मिली म्हणजे 500 मिलिग्रॅम, जवळजवळ तिप्पट! असे डोस वरचेवर गेले तर लिव्हरला गंभीर इजा होते.

चॅटबॉटचं गणित चुकलं नव्हतं. त्यानं 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं सिरप धरलं होतं. बाटली कोणती हे तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. याच औषधाचं 5 मिलीत 250 मिलिग्रॅमचंही सिरप मिळतं. नाव एक, ताकद वेगळी.

म्हणून चॅटबॉट वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. मीही वापरते. उद्या डब्याला काय, शाळेची इंग्रजी नोटीस काय म्हणते, रजेचा अर्ज कसा लिहायचा, ही कामं तो मिनिटात करतो. रिपोर्टमधले शब्द मराठीत समजावतो. डॉक्टरांना काय विचारायचं ते आधी त्याच्याकडून लिहून घ्या. इंग्रजी येत नाही म्हणून दवाखान्यात गप्प बसणाऱ्या बाईच्या हातात तो कागद असला की ती बोलते. हे मी पाहिलंय.

पण औषधाच्या बाबतीत एवढं पाळा:

• डोस डॉक्टर, नर्स किंवा मेडिकलवाल्याला बाटली दाखवूनच ठरवा.

• औषध मोजायला बाटलीसोबतचं माप किंवा ड्रॉपर घ्या, घरातला चमचा नको.

• दोन डोसमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या. 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत.

• सर्दी-तापाच्या मिश्र औषधातही बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं. दोन्ही एकदम देऊ नका.

• बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, झटके आले, श्वास जोरात चालला, बाळ पीत नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर मोबाइलला विचारत बसू नका. 108 ला फोन करा, दवाखाना गाठा.

• रिपोर्टचा फोटो टाकताना नाव, पत्ता, आधार नंबर झाका.

त्या रात्री मी तिला ड्रॉपरनं दीड मिली द्यायला सांगितलं. सकाळी ती मुलाला सरकारी दवाखान्यात दाखवून आली. आता तिच्या बाटलीवर चिकटपट्टी आहे. त्यावर पेनानं लिहिलंय: वजन 12 किलो, दीड मिली, आणि तारीख. मुलाचं वजन वाढलं की पट्टी बदलायची. तुमच्याही घरातली बाटली आजच काढून बघा.