स्थानक एक, नावे अनेक

मुंबईतील मध्य रेल्वेच्या मुख्य स्थानकाला १८८७ साली व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' या शब्दाची भर पडली. बोलताना मात्र कोणी 'व्हीटी' म्हणतो, तर कोणी 'सीएसएमटी'. जुन्या वृत्तपत्रांच्या संगणकीय संग्रहात एखाद्या अभ्यासकाने यांपैकी एकच नाव टाकून शोध घेतला, तर इतर नावांनी छापलेला मजकूर त्याच्या हाती लागत नाही. काही निसटले आहे, याची जाणीवही त्याला होत नाही.

समानार्थी शब्दांची यादी सर्च इंजिनाला पुरवणे, हा यावरील उपाय. तो वाटतो तितका सोपा नाही. सर्च इंजिन मजकुरातील शब्द सुटे करते आणि कोणता शब्द कितव्या जागी आला, याची सूची ठेवते. 'दवाखाना' आणि 'रुग्णालय' हे एकेरी शब्द एकाच जागी नोंदवता येतात. 'सीएसएमटी' मात्र एक जागा घेतो आणि 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' चार. 'सीएसएमटी स्थानक' या मजकुरावर हे चार शब्द बसवले, की 'शिवाजी' आणि 'स्थानक' एकाच जागेवर येतात. मग 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानक' असा सलग शोध निष्फळ ठरतो आणि कोणीही न लिहिलेले 'छत्रपती स्थानक' मात्र सापडते! चारही शब्द सुटे शोधावेत, तर पहिले तीन मुंबईच्या विमानतळाच्या आणि वस्तुसंग्रहालयाच्या नावातही आहेत. स्थानकाची माहिती हवी असलेल्यापुढे विमानांच्या बातम्या येऊन पडतात.

डग कटिंग यांनी सुरू केलेल्या 'ल्युसीन' या मुक्त शोधप्रणालीवर 'सोलर' आणि 'इलॅस्टिकसर्च' ही प्रचलित सर्च इंजिने उभी आहेत. ल्युसीनच्या २०१७ मधील ६.४ या आवृत्तीत या अडचणीवर तोड निघाली. शब्दांची एकच सरळ रांग न धरता, रुळांना फाटे फुटून ते पुढे पुन्हा मिळावेत, तशी रचना करण्यात आली. एका वाटेवर 'सीएसएमटी' हा एक शब्द, दुसरीवर चार. दोन्ही वाटा 'स्थानक' या शब्दापाशी एकत्र येतात. एखादा शब्द किती जागा व्यापतो, याची नोंद सूचीत राहत नाही. म्हणून हे फाटे मजकूर साठवताना नव्हे, तर वाचकाचा प्रश्न आल्यावर पाडणे श्रेयस्कर. त्यात आणखी एक सोय आहे. उद्या पुन्हा नाव बदलले, तरी केवळ यादी सुधारावी लागते. संपूर्ण संग्रहाची सूची नव्याने करावी लागत नाही.

मात्र या रचनेला 'व्हीटी' आणि 'सीएसएमटी' एकच, हे आपणहून कळत नाही. ते यादी करणाऱ्याने सांगावे लागते. यादीतून एखादे जुने नाव सुटले, तर त्या नावाने नोंदलेला काळ संग्रहात असूनही वाचकाच्या दृष्टीने हरवलेलाच राहतो.