पाणबुड्याच्या पट्ट्यातील शिसे : गोडे पाणी आणि समुद्र

हवेचे सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली वावरण्याची विद्या आता कोकण किनाऱ्यावर चांगली रुजली आहे. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, अशा बुड्या घेतल्या जातात आणि तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा-शिक्षणाची संस्थाही आहे. नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याने तरणतलावात सराव करून पुढे मालवणास जावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कमरेच्या पट्ट्यात शिसे किती ओवावे हा. तलावात जे वजन बरोबर ठरले ते समुद्रात चालणार नाही, हे आर्किमिडीजचा सिद्धांत शिकलेला कोणीही सांगेल. परंतु फरक नेमका किती, हे आकड्यांत मांडण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत टिपणात तेच करावयाचे आहे.

प्रथम शिसेच का, ते पाहू. मन्नारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे दोराला बांधलेल्या दगडाच्या भाराने तळाशी जात, आणि दगड मागाहून दोराने वर ओढून घेतला जाई. म्हणजे भार तळाशी सोडून देण्याची त्यांना सोय होती. स्कूबाच्या पाणबुड्याला ती नाही. त्याला आपला भार बुडीच्या आरंभापासून शेवटपर्यंत अंगावर वागवावा लागतो, म्हणून तो आटोपशीर हवा. शिवाय दगडाची घनता २.६ च्या आसपास असल्याने समुद्राच्या पाण्यात त्याचे जवळजवळ ४० टक्के वजन नाहीसे होते. शिशाची घनता ११.३४ असल्यामुळे त्याचे केवळ ९ टक्के जाते. तरीही हे ९ टक्के विसरून चालत नाही : १ किलोग्रॅम शिसे पाण्यात ०.९१ किलोग्रॅमचेच काम करते.

शरीराच्या वजनाच्या एक दशांश शिसे बांधावे, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. तो सोयीचा आहे, पण त्याला शास्त्रीय आधार फारसा नाही. शिशाचे प्रमाण वजनावर अवलंबून नसून विस्थापित पाण्याचे वजन आणि पाणबुड्याचे वजन यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. चरबीची घनता ०.९ व उर्वरित शरीराची १.१ धरली, तर ७० किलोग्रॅम वजनाच्या दोन व्यक्तींत, एकीत चरबी १२ टक्के व दुसरीत २८ टक्के असल्यास, आकारमानाचा फरक सुमारे २.३ लिटर येतो. वजनकाटा दोघांना सारखेच ठरवितो. पाणी मात्र दुसऱ्याकडून अडीच किलोग्रॅम शिसे अधिक मागते.

आता एक उदाहरण सोडवू. व्यक्तीचे वजन ७० किलोग्रॅम, फुप्फुसे निम्मी भरलेली असताना आकारमान ७०.२ लिटर. निओप्रीनचा ३ मिलिमीटर जाडीचा पोषाख १.५ किलोग्रॅम व ४.५ लिटर. सुमारे ११ लिटर क्षमतेचे ॲल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे असता १५ किलोग्रॅम, बाहेरील आकारमान १६.६ लिटर. श्वसनयंत्र, फुगविता येणारे जाकीट, पायातील पंख वगैरे मिळून ५ किलोग्रॅम व ४.२ लिटर. सिलिंडरमध्ये बुडीच्या शेवटी ५० बार दाबाची हवा राखून ठेवलेली असते. तिचे वजन ०.७ किलोग्रॅम. एकूण वजन ९२.२ किलोग्रॅम, एकूण आकारमान ९५.५ लिटर.

तलावाच्या पाण्याची घनता ०.९९७ धरल्यास प्लावक बल ९५.२ किलोग्रॅमभार येते, आणि तूट ३ किलोग्रॅमची. शिशाचा स्वतःचा तोटा जमेस धरता ३.३ किलोग्रॅम शिसे लागेल. उबदार अरबी समुद्राच्या पाण्याची घनता १.०२३ घेतली तर तूट ५.५ किलोग्रॅमची होते आणि शिसे ६ किलोग्रॅम लागते. माणूस तोच, सामग्री तीच. तरीही भार जवळजवळ दुप्पट. एक दशांशाच्या नियमाने या गृहस्थाने दोन्हीकडे ७ किलोग्रॅम बांधले असते. समुद्रात ते थोडे अधिक झाले असते, तलावात दुपटीहून अधिक.

यावरून एक सुटसुटीत नियम निघतो. दोन्ही पाण्यांच्या घनतेत २.६ टक्क्यांचा फरक आहे, त्याला ०.९१ ने भागल्यास सुमारे २.९ टक्के येतात. म्हणून तलावात समतोल साधल्यानंतर सर्व सामग्री व शिशासह काट्यावर उभे राहावे, आणि येणाऱ्या वजनातील प्रत्येक ३५ किलोग्रॅममागे १ किलोग्रॅम शिसे समुद्रासाठी वाढवावे. वरील उदाहरणात ९५.५ भागिले ३५ म्हणजे २.७, त्यात ३.३ मिळविता ६ येतात. (नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने तेथील गोड्या पाण्यात दाब ९.७ मीटरवर दुप्पट होतो, समुद्रात १०.१ मीटरवर. शिशाच्या हिशेबात या फरकाला स्थान देण्याचे कारण नाही.)

हिशेब बुडीच्या शेवटच्या क्षणासाठी का केला, याचे स्पष्टीकरण येथे अवश्य आहे, कारण नवशिक्यांची गफलत होते ती याच ठिकाणी. २०० बारपर्यंत भरलेल्या या सिलिंडरमधील हवा २.७ किलोग्रॅम भरते. बुडी घेताना त्यातील २ किलोग्रॅम श्वासावाटे निघून जाते आणि पाणबुडा तितका हलका होतो. आरंभी नेमका समतोल साधलेला माणूस शेवटी, ५ मीटरवर थांबावयाच्या वेळी, तेथे थांबूच शकत नाही. पाणी त्याला वर लोटते. ५ मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना हवेचे आकारमान दीडपट होते. अशा वेळी घाबरून श्वास रोखला, तर फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून आरंभी २ किलोग्रॅम जड असणे हा दोष नसून आवश्यकता आहे.

याचा अर्थ शिसे हवे तितके वाढवावे असा नव्हे. निओप्रीनमधील वायू खोलीबरोबर आकसतो. २० मीटरवर, तीन वातावरणांच्या दाबाखाली, आपल्या उदाहरणातील पोषाख २ लिटरहून अधिक आकारमान गमावू शकतो. हवेच्या २ किलोग्रॅमसह ही तूट ४.२ किलोग्रॅमची होते, आणि ती भरून काढण्यास जाकिटात ४.१ लिटर हवा भरावी लागते. त्याने अनावश्यक ४ किलोग्रॅम शिसे बांधले असेल, तर ७.७ लिटर. आता तो २ मीटर वर सरकला असे समजा. पहिल्या स्थितीत जाकिटातील हवा ०.३ लिटरने फुगेल, दुसऱ्या स्थितीत ०.५५ लिटरने. वर ओढणारे बल जवळजवळ दुप्पट, आणि वर जाऊ तसे ते वाढतच जाणारे. अधिक शिसे बांधलेला माणूस अधिक सुरक्षित असतो ही समजूत म्हणूनच फसवी आहे : तो तळाकडे लवकर खेचला जातो आणि पृष्ठभागाकडेही लवकर फेकला जातो.

गणिताने आलेला आकडा पाण्यात पडताळून पाहावा लागतो, कारण स्वतःचे आकमान लिटरमध्ये कोणास ठाऊक असते? सिलिंडर रिते होत आले असता जाकिटातील सर्व हवा सोडून पाण्यात उभे राहावे, पाय हलवू नयेत, आणि नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर धरावा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आले आणि श्वास सोडताच शरीर सावकाश खाली गेले, तर भार बरोबर. सिलिंडर पूर्ण भरलेले असेल, तर या कसोटीने ठरलेल्या शिशात सुमारे २ किलोग्रॅम मिळवावे. पाय हलविल्यास कसोटी व्यर्थ जाते. पुष्कळजण नकळत पाय मारतात आणि आपण हलके आहोत असे समजतात.

तारकर्लीस ही कसोटी पुन्हा घेणे इष्ट. तेथे कर्ली नदी देवबागपाशी समुद्रास मिळते, आणि पावसाळ्यानंतर किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारटपणा काही काळ कमी असतो. घनता १.०२३ ऐवजी १.०१५ भरली, तर आपल्या उदाहरणातील ६ किलोग्रॅमपैकी सुमारे ०.८ किलोग्रॅम शिसे काढून ठेवावे लागेल.