एक विवर्धक, दोन संच

एखाद्या हौशी रेडिओचालकाच्या खोलीत तुम्ही कधी गेला आहात का? टेबलावर मोर्सची कळ, शेजारी माइक, भिंतीवर जगाचा नकाशा आणि मध्यभागी त्याचा लाडका संच! या संचातून संदेश पाठवताही येतो आणि ऐकताही येतो. म्हणून त्याला ‘ट्रान्सीव्हर’ म्हणतात. या लेखात आपण त्याला नुसते ‘संच’ म्हणू. हौशी रेडिओचालकांना जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखतात. भारतात हॅम होण्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. बहुतेक भारतीय हॅमांची ओळखचिन्हे ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ अशी सुरू होतात.

पुष्कळ हॅमांच्या टेबलावर एक सोडून दोन संच असतात. एक जुना, हात बसलेला; दुसरा नवा. पण संचाची शक्ती वाढवणारा विवर्धक मात्र एकच असतो. तो महाग असतो आणि उचलायलाही जड असतो. मग प्रश्न पडतो, की दोन्ही संच त्या एकाच विवर्धकाला जोडता येतील का?

उत्तर आहे, येतील. पण “दोन केबली एकत्र जोडल्या की झाले” असे समजून जो काम करील, त्याचा एक संच बहुधा पहिल्याच दिवशी निकामी होईल. असे का होते आणि योग्य जोडणी कशी करावी, हे आपण पाहू.

दुसरा संच म्हणजे केवळ चैन नव्हे. २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमान-निकोबार बेटांना त्सुनामीने झोडपले. त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमांचा एक गट पोर्ट ब्लेअर येथे आधीच गेलेला होता. नेहमीची संदेशवहनाची साधने कोलमडली, तेव्हा या गटाने रेडिओवरून निरोपांची ने-आण केली. अशा प्रसंगी एक संच बंद पडला, तर दुसरा तत्काळ सुरू व्हायला हवा. घाईत फिरवलेल्या एका स्विचमुळे दोन्ही संच गमावून बसणे परवडणारे नसते.

विवर्धक काय करतो?

समजा, संचातून १०० वॅट शक्ती बाहेर पडते आणि विवर्धक तिचे ४०० वॅट करतो. शक्ती चौपट झाली, म्हणजे दूरच्या श्रोत्याच्या एरियलवर मिळणारा विद्युत् दाब दुप्पट झाला. कारण शक्ती ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अभियंत्यांच्या भाषेत ही वाढ ६ डेसिबेलची. श्रोत्याच्या संचावरील संदेशबल दाखवणारा काटा तेवढ्याने साधारण एकच खूण पुढे सरकतो. तुम्ही म्हणाल, एवढासाच फायदा? पण संदेश खरखरीत बुडण्याच्या बेतात असेल, तर ही एक खूणच ‘ऐकू आले’ आणि ‘ऐकू आले नाही’ यांतील फरक ठरते.

संच आणि विवर्धक यांच्यामध्ये मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली वाट रेडिओ-शक्तीची. ही समाक्ष केबलमधून जाते. मध्ये तांब्याची तार, भोवती निरोधकाचा थर आणि त्यावर तारांच्या जाळीचे वेष्टन, अशी या केबलची रचना असते. दुसरी वाट इशाऱ्याची. ही साधी बारीक तार असते. हॅमने बोलण्याचे बटण दाबले, की संच ही तार जमिनीशी, म्हणजे विद्युत् मंडलाच्या शून्य दाबाशी, जोडतो. विवर्धकाला त्यातून निरोप मिळतो, की ‘सावध हो, आता शक्ती येते आहे.’

हा निरोप मिळताच विवर्धकातील रिले हलतात. रिले म्हणजे विद्युत्-चुंबकाने उघडमीट होणारा स्विच. एरवी हे रिले एरियल सरळ संचाला जोडून देतात. म्हणून हॅमला ऐकू येते. इशारा मिळाला, की तेच रिले वाट बदलतात. मग संचाची शक्ती विवर्धकात शिरते आणि वाढलेली शक्ती एरियलकडे जाते.

नुसते एकत्र जोडले तर?

आता दोन संचांच्या केबली तीन तोंडांच्या जोडाने एकत्र करून विवर्धकाला जोडल्या, असे समजा. पहिल्या संचातून १०० वॅट निघाले. या शक्तीला जोडापाशी दोन वाटा दिसतात. एक विवर्धकाची, दुसरी स्वस्थ ऐकत बसलेल्या दुसऱ्या संचाची. दोन्हींचा संरोध ५० ओहम धरला, तर समांतर जोडणीत तो २५ ओहम होतो. केबल ५० ओहमची असल्यामुळे नवव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे ११ वॅट शक्ती उलट फिरते. उरलेल्या ८९ वॅटची निम्मी निम्मी वाटणी होते. म्हणजे दुसऱ्या संचाच्या ग्राहीत सुमारे ४४ वॅट घुसतात!

हा ग्राही एरवी काय ऐकत असतो? चांगला जोरदार समजला जाणारा संदेश म्हणजे त्याच्या तोंडाशी अवघे ५० मायक्रोव्होल्ट, असे लघुलहरींवर धरतात. ५० ओहमवर ही शक्ती एका वॅटच्या दोन हजार कोटीव्या भागाएवढी होते. ४४ वॅट म्हणजे तिच्या सुमारे ८८,००० कोटी पट! कुजबुज ऐकायला लावलेल्या कानाशी तोफ डागण्यासारखाच हा प्रकार आहे. ग्राहीचे नाजूक ट्रँझिस्टर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत जळून जातात.

म्हणून पहिला नियम असा, की दोन संच कधीही एकत्र जोडायचे नाहीत. एका वेळी एकच संच विवर्धकाला जोडला जाईल, असा निवड-स्विच मध्ये हवा.

हा स्विचही चांगला हवा. उच्च कंप्रतेचे प्रवाह मोठे लबाड! उघड्या स्विचमधूनही ते थोडेफार पलीकडे झिरपतात, कारण जवळजवळ असलेले दोन धातूचे तुकडे लहानशा धारित्रासारखे वागतात. स्विचचे विलगन ६० डेसिबेल असेल, तर शक्तीचा दहा लाखावा भाग पलीकडे जातो. १०० वॅटचा दहा लाखावा भाग म्हणजे ०·१ मिलिवॅट. एवढ्याने ग्राही सहसा जळत नाही, पण त्याच्या दृष्टीने हाही संदेश जोरदार संदेशाच्या वीस लाख पट असतो. म्हणून चांगल्या स्विचमध्ये न निवडलेल्या संचाचे तोंड जमिनीशी जोडून टाकण्याची सोय असते.

सांधा आणि सिग्नल

येथे एक नवाच धोका उभा राहतो. स्विच पहिल्या संचाकडे आहे, आणि हॅमने चुकून दुसऱ्या संचाचे बटण दाबले तर? दुसऱ्या संचाचे तोंड जमिनीशी जोडलेले आहे. त्याची सगळी शक्ती तेथे आपटून परत फिरेल आणि त्याच्याच शेवटच्या टप्प्यातील ट्रँझिस्टरांवर ताण पडेल. आधुनिक संचांत यावर संरक्षण असते, पण प्रत्येक वेळी त्याच्यावरच विसंबणे शहाणपणाचे नाही. शिवाय दोन्ही संचांच्या इशाऱ्याच्या तारा एकत्र बांधलेल्या असतील, तर विवर्धकही नाहक जागा होईल आणि ऐकत असलेल्या पहिल्या संचाचे एरियल तुटेल.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. स्थानकाजवळ अनेक रूळ एका रुळाला येऊन मिळतात. गाडी कोणत्या रुळावरून जाणार, हे सांधा ठरवतो. गाडीने निघावे की थांबावे, हे सिग्नल सांगतो. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, असे झाले तर अपघात ठरलेला. म्हणून केबिनमधील खटके एकमेकांत असे अडकवलेले असतात, की सांधा योग्य जागी बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल पडतच नाही. आणि सिग्नल पडलेला असेपर्यंत सांधा हलवता येत नाही. माणूस चुकला, तरी यंत्र त्याला चूक करू देत नाही.

आपल्या जोडणीत केबलीवरील निवड-स्विच हा सांधा आहे, आणि इशाऱ्याची तार हा सिग्नल. तेव्हा दुसरा नियम असा, की शक्तीची वाट आणि इशाऱ्याची वाट ही दोन्ही एकाच दांड्यावरच्या स्विचने एकदम बदलली पाहिजेत. मग ज्या संचाची केबल विवर्धकाला जोडलेली आहे, त्याच संचाचा इशारा विवर्धकापर्यंत पोहोचेल. याच स्विचवर आणखी एक कप्पा वाढवून न निवडलेल्या संचाचे बोलण्याचे बटणच तोडून टाकता येते. तसे केले, की चुकीचे बटण कितीही दाबले तरी काही होत नाही.

क्षणाचा हिशेब

वाट बरोबर असली, तरी वेळही बरोबर हवी. साध्या रिलेचे पाते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन स्थिर व्हायला १० ते २० मिलिसेकंद लागतात. आपल्याला हा काळ क्षुल्लक वाटतो. पण मिनिटाला २० शब्द या वेगाने मोर्स पाठवताना एक ‘डिट’ ६० मिलिसेकंदांचाच असतो. रिले हलायला १५ मिलिसेकंद लागले, तर पहिल्या डिटचा पाव भाग त्यातच संपला!

त्या काळात संचाने शक्ती सोडलीच, तर रिलेचे पाते अधांतरी असते. संचाला पुढे वाट सापडत नाही. ४०० वॅटवर ५० ओहमच्या केबलीत १४१ व्होल्ट दाब आणि २·८ अँपिअर प्रवाह असतो. तो वाहत असताना पाते हलले, की ठिणगी पडते. रोज पडणाऱ्या ठिणग्यांनी रिलेची टोके काळवंडतात, खडबडीत होतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटून बसतात.

म्हणून क्रम असा हवा : आधी इशारा, मग रिले, मग शक्ती. थांबताना याच्या उलट : आधी शक्ती बंद, मग रिले मोकळा. जाताना आधी सांधा, मग सिग्नल. परतताना आधी सिग्नल, मग सांधा! आजच्या बऱ्याच संचांत इशारा दिल्यावर किती मिलिसेकंद थांबायचे, हे ठरवता येते. दोन संच असतील, तर ही सोय दोन्हींवर वेगवेगळी तपासली पाहिजे. आणि निवड-स्विच तर प्रक्षेपण चालू असताना कधीच फिरवू नये.

जुने आणि नवे यांची गाठ

जुन्या विवर्धकाला नवा संच जोडताना आणखी एक अडचण येते. हीथकिट कंपनीचा ‘एसबी-२२०’ हा जुना विवर्धक हॅमांत फार लोकप्रिय होता. त्याच्या इशाऱ्याच्या तारेवर सुमारे १२० व्होल्ट दाब असतो. जुन्या संचातील दणकट रिलेला त्याचे काही वाटत नसे. नव्या संचात मात्र तेथे चिमुकला ट्रँझिस्टर असू शकतो. एवढा दाब तो कसा सोसणार?

शिवाय रिलेचे वेटोळे प्रवाह तुटताना उलटा झटका देते. वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र एकदम नाहीसे झाले, की त्यात मोठा दाब प्रवर्तित होतो, हे तुम्ही फॅराडेच्या नियमात शिकला आहात. यावर उपाय म्हणून संच आणि विवर्धक यांच्यामध्ये एक लहान मध्यस्थ मंडल बसवतात. संचाने फक्त कमी दाबाचा लहान रिले चालवायचा; त्या रिलेने विवर्धकाची तार जमिनीशी जोडायची. लहान रिलेच्या वेटोळ्यावर उलट दिशेने एक डायोड लावला, की झटका त्या डायोडमधूनच जिरून जातो. डायोडची किंमत काही रुपये. वाचतो तो संच कित्येक हजारांचा.

शक्तीचाही मेळ पाहावा लागतो. समजा, विवर्धकाला पुरेपूर काम करायला ६० वॅट लागतात. एक संच १०० वॅटचा आणि दुसरा २०० वॅटचा असेल, तर दोघांचीही शक्ती आधीच कमी करून ठेवली पाहिजे. नाही तर विवर्धकाच्या तोंडी जास्त घास जाईल, संदेश विकृत होईल आणि शेजारच्या कंप्रतेवरील इतर हॅमांनाही त्रास होईल. एक संच २० मीटरच्या पट्ट्यावर आणि दुसरा ४० मीटरच्या पट्ट्यावर असेल, तर संच बदलताना विवर्धकही त्या पट्ट्यावर आणावा लागतो. काही नव्या विवर्धकांना दोन संचांसाठी दोन तोंडे असतात आणि ही बरीचशी कामे ते आपण होऊन करतात. पण आतले तत्त्व तेच.

करून पाहा

दोन सेल, टॉर्चचा २·५ व्होल्टचा एक बल्ब, घंटीची दोन बटणे आणि जिन्यातल्या दिव्यासाठी वापरतात तसा एक टू-वे स्विच घ्या. सेलचे धन टोक बल्बला जोडा. बल्बचे दुसरे टोक टू-वे स्विचच्या मधल्या टोकाला जोडा. स्विचच्या उरलेल्या दोन टोकांना एकेक घंटीचे बटण जोडा आणि दोन्ही बटणांची मोकळी टोके सेलच्या ऋण टोकाला न्या. बल्ब म्हणजे विवर्धक, दोन बटणे म्हणजे दोन संच.

स्विच पहिल्या बाजूला ठेवून दुसरे बटण दाबा. बल्ब लागत नाही. स्विच फिरवा, आता दुसऱ्याच बटणाने लागतो. मग स्विच काढून दोन्ही बटणे बल्बला एकत्र जोडा. आता कोणीही बल्ब लावू शकतो. विवर्धकासाठी यांतली कोणती जोडणी सुरक्षित, हे तुम्हीच सांगा. प्रयोग सेलवरच करावा. घरातील विजेवर मुळीच करू नये. आणि खरा विवर्धक तर उघडूच नये. नलिकांच्या विवर्धकात दोन-तीन हजार व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ते धारित्रांत टिकून राहू शकतात.

जाता जाता एक गणित. स्विचचे विलगन ६० ऐवजी ४० डेसिबेलच असेल, तर १०० वॅटपैकी किती शक्ती दुसऱ्या संचात झिरपेल? उत्तर काढा, आणि ते वर दिलेल्या ०·१ मिलिवॅटशी ताडून पाहा. स्वस्त स्विच केव्हा महाग पडतो, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.